रुमालातला मोडी कागद कसा वाचावा

माळ्यावरच्या ट्रंकेत फडक्यात, म्हणजे रुमालात, बांधलेले जुने मोडी कागद सापडले की दोन मोह होतात. एक, लगेच वाचायला बसायचा. दुसरा, कागद फाटू नये म्हणून लॅमिनेशन करून आणायचा. पहिला मोह दोन दिवस आवरा आणि दुसरा कायमचा सोडा. लॅमिनेशनच्या उष्णतेने कागद प्लॅस्टिकला चिकटतो, मग तो सोडवता येत नाही. सेलोटेपचेही तसेच. टेप काही वर्षांत गळून पडते, पण तिचा पिवळा डिंक अक्षरांवर राहतो.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे नकोत, कारण त्यांनी बोटांना कागदाची कड कळत नाही आणि कोपरे तुटतात. टेबलावर स्वच्छ पांढरे सुती कापड अंथरा. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ आणि कसरीचा भुगा मधून कडेकडे झटका. ओला बोळा फिरवू नका. पेशवाईतली बहुतेक शाई काजळीची असते आणि पाणी लागले की ती पसरते. घडी कडक झाली असेल तर ओढून उलगडू नका. कागद घडीवरच तुटतो आणि नेमकी तिथलीच ओळ जाते. उघडतो तेवढ्याचा फोटो घ्या, बाकीचे काम कागद जतन करणाऱ्या जाणकारावर सोडा.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात घ्या, थेट उन्हात नको आणि फ्लॅशही नको. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे कागद केवढा होता ते कळते. आधी पूर्ण कागद एका चौकटीत घ्या, मग दहा-दहा ओळींचे तुकडे घ्या, आणि प्रत्येक तुकड्यात मागच्या दोन ओळी पुन्हा येऊ द्या. शिक्का पुसट असेल तर उजेड एका बाजूने, अगदी आडवा पाडून आणखी एक फोटो काढा. कागदाची पाठ विसरू नका, नवखा माणूस ती हमखास विसरतो. पैवस्तीचा म्हणजे पत्र पोचल्याचा शेरा पाठीवर असतो. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असेल तर सांध्यावरही शिक्का असतो, मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून. कुठला कागद कुठल्या रुमालात, कितव्या जागी होता, हे सोडण्याआधीच वहीत टिपा. शेजारशेजारचे कागद बहुधा एकाच प्रकरणाचे असतात. क्रम एकदा मोडला की तो धागा परत मिळत नाही.

यापुढे मूळ कागद गुंडाळून ठेवायचा आणि वाचन फोटोवर करायचे.

अक्षरे: वाचायची नव्हे, गिरवायची

मोडीची मुळाक्षरे चार-पाच दिवसांत पाठ होतात. माणूस अडतो तो बाराखडीत. बालबोधात, म्हणजे देवनागरीत, काना वरून खाली येतो आणि अक्षराशेजारी सुटा उभा राहतो. मोडीत हात न उचलता लिहायचे असते, म्हणून काना बहुधा अक्षराच्या पायथ्यापासून वर चढत शिरोरेघेला भिडतो आणि अक्षराचे मूळ रूपच बदलते. ‘क’ ओळखता येतो म्हणून ‘का’ ओळखू येईलच असे नाही. ‘र’ तर सोंगाड्याच. तो शब्दात कुठे आहे आणि कोणाला जोडला आहे, यावर त्याचे रूप ठरते. म्हणून मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लावून भागत नाही, संपूर्ण बाराखडी हाताने गिरवावी लागते.

गिरवायला बोरू मिळाला तर उत्तम, नाही तर दोन-तीन मिलिमीटरचे कट निब. बॉलपेनने गिरवू नका, त्यात जाड-बारीक रेघ उमटत नाही आणि मोडीत पुष्कळ खुणा त्या जाड-बारीकपणातच असतात. आधी पानभर शिरोरेघा आखा. मोडी लिहिणारा कारकून हेच करी, मग अक्षरे त्या रेघेला टांगत जाई. रोज एक तास दिला तर तीन-चार आठवड्यांत स्वच्छ पेशवेकालीन कागदावरची बहुतेक अक्षरे ओळखू येऊ लागतात. फॉन्टवर सराव करायचा असेल तर युनिकोडमध्ये २०१४ पासून मोडी आहे आणि फॉन्टही मिळतात, पण छापील मोडी आणि कारकुनाची मोडी यांत शाळेतला धडा आणि डॉक्टरची चिठ्ठी एवढे अंतर आहे.

लेखनाचे काही नियम आधीच माहीत असले की निम्मा गोंधळ टळतो. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही: वेलांटी एकच, सहसा दीर्घ काढलेली, आणि उकारही एकच. अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो. जोडाक्षर मोडून लिहिलेले असू शकते. विरामचिन्हे नाहीत. आणि मुख्य म्हणजे दोन शब्दांमध्ये जागा नसते. ओळ भरली की शब्द मधेच तुटून पुढच्या ओळीवर जातो.

अक्षराच्या वळणावरून काळाचा अंदाज येतो. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे ढोबळ गट जाणकार करतात. शिकायला पेशवेकालीन घ्या, कारण हात सफाईदार, अक्षर एकसारखे आणि कागद मुबलक. इंग्रजी अमलातले कागद जवळच्या काळातले म्हणून सोपे असतील असे वाटते, पण टोकदार निबाने घाईत लिहिलेली तलाठ्याची नोंद पेशव्यांच्या सनदेपेक्षा कितीतरी अवघड जाते. कुणबी नोंदींच्या शोधात ज्यांनी असे जुने दप्तर उघडले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आधी सांगाडा ओळखा

अक्षरे येतात आणि तरी कागद वाचता येत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण साधे आहे: सराईत वाचक एकेक अक्षर लावत बसत नाही, पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते. जुने कागद ठरीव साच्यात लिहिलेले असतात. त्यामुळे मोडीच्या सरावाबरोबरच बालबोधात छापलेली ऐतिहासिक पत्रे रोज चार-पाच वाचत जा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेले इतिहासाच्या साधनांचे खंड आहेत, गो. स. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड आहेत. महिनाभर वाचलेत की भाषा कानात बसते.

खाजगी पत्र असेल तर वर ‘श्री’, मग मायना. बरोबरीच्या माणसाला ‘राजश्री अमुक गोसावी यांसि’, त्यापुढे ‘साष्टांग नमस्कार विनंती उपरी येथील क्षेम जाणोन स्वकीय कुशल लिहीत असिले पाहिजे’, आणि मग ‘विशेष’. खरा मजकूर ‘विशेष’नंतर सुरू होतो. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. धाकट्याकडून वडीलधाऱ्याला असेल तर ‘विज्ञापना’ येते. म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते नाव न लागताही मायन्यावरून कळते. हुकूम असेल तर शेवटी ‘जाणिजे’, आणि शिक्क्याजवळ ‘मोर्तब सुद’ किंवा ‘लेखनसीमा’.

इनामपत्रात एक लांबलचक साखळी ठरलेली: ‘दरोबस्त कुलबाब कुलकानू हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित खेरीज हक्कदार करून इनाम दिला असे.’ सगळे गाव, सगळ्या बाबी आणि करांसह, आजचे कर आणि पुढे बसतील ते करही, पाणी-झाडे-गवत-लाकूड-दगड आणि जमिनीत पुरलेले धन यांसकट, मात्र गावच्या वतनदारांचे हक्क वगळून. ही साखळी पाठ करा. ती कागदात सापडली की दोन फायदे होतात: कागदाचा प्रकार कळतो, आणि या कारकुनाचा ‘ल’, ‘ब’, ‘क’, ‘ट’ कसा आहे याचा नमुना आयता मिळतो. त्या नमुन्यांवरून कागदाच्या समासाएवढ्या चिठ्ठीवर त्या एका हाताचा तक्ता बनवा आणि अनोळखी शब्द त्यावर घासून पाहा. छापील तक्त्यापेक्षा हा तक्ता शंभरपट कामाचा.

संक्षेपांचीही सवय लागते. अक्षरापुढे एक किंवा दोन उभ्या रेघा म्हणजे शब्द तोडला आहे: ‘रा।’ राजश्री, ‘चि॥’ चिरंजीव, ‘मु॥’ मुक्काम, ‘प॥’ परगणा, ‘मौ॥’ मौजे. एकच खूण दोन शब्दांना चालते, तेव्हा पुढे गावाचे नाव आहे की माणसाचे हे पाहून ठरवा.

लिप्यंतर

पहिल्या फेरीत अर्थ लावू नका. मूळची एक ओळ म्हणजे तुमची एक ओळ, ओळींना क्रमांक, आणि शब्द न तोडता जसेच्या तसे बालबोधात. शुद्धलेखन सुधारू नका. ‘विनंती’चे ‘वीनंती’ लिहिले असेल तर तसेच ठेवा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. तीन अक्षरे अडली तर तीन टिंबे, कारण अक्षरांची संख्याच पुढे कोडे सोडवते. फाटक्या जागी तुम्ही अंदाजाने भरलेले अक्षर चौकटी कंसात घाला. दुसऱ्या फेरीत शब्द तोडा, तिसऱ्या फेरीत अर्थ. तिन्ही फेऱ्या एकाच बैठकीत करू नका. डोळा एकदा चुकीचा शब्द वाचून बसला की तोच पुन्हा वाचतो.

शब्द तोडताना काय होते ते एका सरावाच्या वाक्यात पाहा. कारकुनाला लिहायचे आहे ‘पाटलास सनद दिली’. सलग लिहिले तर ‘पाटलाससनददिली’, नऊ अक्षरे. दोन ‘स’ शेजारी आले, दोन ‘द’ही शेजारी आले. घाईत जोडीतले एकेक अक्षर गळते, ही नकला उतरवणाऱ्यांची नेहमीची चूक. उरते काय? ‘पाटलासनदिली’. आता तोडा: ‘पाटलास न दिली’. दिलेली सनद न दिलेली झाली, आणि वाक्य व्याकरणात अगदी चोख! अशा जागी फक्त वाक्याकडे पाहून निकाल लागत नाही. सनद दिल्याचा उल्लेख पुढच्या ओळींत आहे का, नजराण्याची रक्कम लिहिली आहे का, गावच्या दुसऱ्या कागदात हा पाटील उपभोग घेताना दिसतो का, हे पाहावे लागते. ‘ध’चा ‘मा’ सगळ्यांना ठाऊक आहे. ती चिठ्ठीची गोष्ट खरी की रचलेली हा वाद वेगळा, पण एका अक्षरावर केवढे लटकलेले असते हे मराठी माणसाला त्या गोष्टीने कायमचे शिकवले.

तारीख

नवखे वाचक तारखेला घाबरतात. वास्तविक कागदातला सगळ्यात खात्रीने सुटणारा भाग तोच. पेशवाईतल्या दप्तरात वर्ष बहुधा शुहूर सन या कालगणनेतले, ‘सु॥’ अशा खुणेने, आणि तेही आकड्यांत नव्हे तर अरबी संख्याशब्दांत असते. एकक आधी, मग दशक, मग शतक, मग हजार.

एककांचे शब्द: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशकांचे: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. घोटाळा होतो तो सबा-सबैन, समान-समानीन अशा जोड्यांत. शेपूट नीट पाहा: ‘ऐन’ किंवा ‘ईन’ असेल तर ते दशक.

शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. सध्याच्या कॅलेंडरात मृग जूनच्या ७-८ तारखेला लागतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला शुहूर सनात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. दख्खनी फसली, म्हणजे महसुली सन असेल तर हेच आकडे ५९० आणि ५९१. शालिवाहन शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध १३ ला बदलतो. शके १५९६ च्या त्या तिथीला, ६ जून १६७४ रोजी, पहिले वर्ष सुरू झाले, म्हणून त्यात १६७३ मिळवले की वर्ष ज्या इसवी सालात सुरू होते ते साल मिळते.

महिना मुसलमानी आणि दिवस चंद्राचा असतो. ‘छ’ हे अक्षर आणि पुढे आकडा दिसला की तो चंद्र, म्हणजे त्या महिन्याचा दिवस. महिन्यांची दप्तरी नावे अशी: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. ‘लावल’ पहिला, ‘लाखर’ दुसरा.

आता एक तारीख सोडवू. समजा कागदावर आहे ‘सु॥ अर्बा सबैन मया व अलफ, छ १२ जमादिलाखर’. चार, सत्तर, शंभर, हजार: ११७४. जंत्रीत, म्हणजे जुन्या तिथी-तारखांच्या तक्त्यांत, पाहिले की या वर्षी जमादिलाखर भाद्रपदाच्या सुमारास पडतो असे दिसते, म्हणजे मृगानंतर आणि जानेवारीच्या आधी. म्हणून ५९९ मिळवायचे: १७७३. चंद्रदर्शन साधारण शुद्ध द्वितीयेला होते, म्हणून शुद्ध पक्षात चंद्राचा आकडा तिथीपेक्षा एकाने कमी असतो. छ १२ म्हणजे शुद्ध १३ च्या आसपास. भाद्रपद शुद्ध १३ शके १६९५, ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो दिवस. वद्य पक्षात तिथीत १४ मिळवले की चंद्राचा आकडा येतो. चंद्रदर्शनावर सगळे अवलंबून असल्याने एखादा दिवस मागेपुढे होणारच. अंतिम तारीख जंत्रीवरूनच ठरवा, शिवकाळासाठी ग. ह. खरे यांची आणि पुढच्या काळासाठी मोडक यांची वापरतात.

एक सावधगिरी. इंग्रजांनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदलले. त्याआधीच्या तारखा पुस्तकांत जुन्या पद्धतीने दिलेल्या असतात आणि आजच्या गणितापेक्षा दहा-अकरा दिवस मागे असतात. संगणकावरच्या तयार कॅलेंडरने शिवकालीन तिथी बदलली आणि पुस्तकाशी जुळली नाही, तर बहुधा चूक तुमची नसते.

रकमा, मापे आणि फसवे शब्द

हिशेबाच्या कागदात रुपयाच्या आकड्यापुढे उभ्या आणि आडव्या रेघा दिसतात. उभी रेघ म्हणजे पाव, चार आणे. दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आडवी किंवा तिरपी छोटी रेघ म्हणजे एक आणा. सातच्या आकड्यापुढे तीन उभ्या आणि एक आडवी असेल तर सात रुपये तेरा आणे. वाचून झाले की खालची बेरीज स्वतः करून पाहा. बेरीज जुळली तर आकडे बरोबर लागले. शब्दांना ही सोय नाही, म्हणून मोडीत आकडे वाचणे तुलनेने सुखाचे.

जमिनीत २० पांड म्हणजे एक बिघा, १२० बिघे म्हणजे एक चाहूर किंवा चावर. धान्यात ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. गावोगाव शेर लहानमोठा असे, तेव्हा किलोत रूपांतर करून छातीठोक आकडा देऊ नका.

फारसी-अरबी शब्द अडले तर कोशात सापडतात. धोका आहे तो ओळखीच्या शब्दांचा. ‘मजकूर’ म्हणजे इथे लिखाण नव्हे, वर उल्लेखलेला: ‘मौजे मजकूर’ म्हणजे तेच गाव, ‘साल मजकूर’ म्हणजे चालू साल. ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद नव्हे, तर राजीखुशीने मान्य असल्याचे लिहून दिलेले पत्र. वाड्यातल्या राजीनाम्यावरून आपल्या पूर्वजाने पाटीलकी सोडली असा कुटुंबाचा इतिहास रचला गेला तर नवल नाही! ‘तागाईत’ म्हणजे पर्यंत, ‘इस्तकबील’ म्हणजे पासून, ‘साल गुदस्त’ म्हणजे गेले वर्ष.

कागद खरा का?

१८५२ च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने इनामदारांकडे पुरावे मागितले आणि जमीन राखायची तर सनद दाखवणे भाग पडले. ज्यांची सनद खरीच हरवली होती त्यांनी आणि ज्यांची कधी नव्हतीच त्यांनीही कागद तयार केले. म्हणून इनामाच्या कागदाकडे थोडे तिरके पाहावे. कागद खिडकीच्या उजेडासमोर धरा: विलायती कागदात बहुधा पाणखूण (वॉटरमार्क) दिसते, कधी त्यात सालही असते. १७६० च्या सनदेत १८४० ची पाणखूण असेल तर विषय संपला. शिक्क्यातले नाव आणि तारखेतले वर्ष एका कारकिर्दीत बसतात का पाहा. शुहूर सन आणि शक दोन्ही दिले असतील तर दोन्ही स्वतंत्रपणे सोडवून एकमेकांशी जुळवा. बनावट करणारा इथेच हमखास घसरतो. मात्र नवा कागद दिसला म्हणून लगेच खोटा म्हणू नका. वर कुठे ‘नक्कल’ लिहिले असेल तर ती रीतसर उतरवलेली प्रत असू शकते, आणि मूळ जळाले असेल तर तीच आता पुरावा.

मूळ कुठे शोधायचे हे कागदाच्या प्रकारावर आहे. पेशवे सरकारशी संबंध असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर, करवीर संस्थानचा असेल तर कोल्हापूर पुराभिलेखागार. खाजगी घराण्यांच्या दप्तरांसाठी १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ. तंजावरच्या भोसल्यांचे मोडी कागद तिकडे सरस्वती महालात आहेत. जाताना लिप्यंतराची प्रत, सोडवलेली तारीख, गावाचे तेव्हाचे परगण्यासकट नाव आणि न लागलेल्या अक्षरांचे मोठे केलेले फोटो बरोबर ठेवा. ‘काहीतरी जुने आहे, वाचून द्या’ म्हणणाऱ्याला तिथला जाणकार पाच मिनिटे देतो, सातव्या ओळीतल्या तीन टिंबांवर अडलेल्याला तो शेजारी खुर्ची देतो.